कपड्याच्या दुकानात चोरीविरोधी गेट बसवण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ठाण्याला नौपाड्यात गोखले रोडवर सासऱ्यांच्या काळापासूनचं कपड्यांचं दुकान. खाली साडेसहाशे चौरस फूट, वर पोटमाळ्यावर दोन ट्रायल रूम. कुर्ती, टॉप, लहान मुलांचे कपडे आणि कोपऱ्यात कॉस्मेटिक्सचं एक काउंटर. दिवाळीनंतरच्या मोजणीत ६३ नग कमी भरले. मग तीन विक्रेते येऊन गेले. एकाने ५८ किलोहर्ट्झचं गेट सांगितलं, दुसऱ्याने ८.२ मेगाहर्ट्झचं, आणि तिसरा म्हणाला की आता सगळे आरएफआयडीवर, म्हणजे प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक देणाऱ्या रेडिओ टॅगवर गेलेत. यातलं कोणतं घ्यावं, गेट वाजल्यावर माणसाला थांबवता येतं का, आणि गल्ल्यावर बसणाऱ्या सासऱ्यांना पेसमेकर आहे तर त्यांना त्रास होईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली अठरा वर्षं ही गेटं बसवते आणि दुरुस्त करते. वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं वर्कशॉप आहे, कामं वाशी, नेरूळ, पनवेलपर्यंत असतात. सरळ सांगते, आज गेट घेऊ नका. आधी महिनाभर नुसते टॅग लावा, म्हणजे दारातल्या गेटच्या खांबांमधून गेले की गेट वाजवणारे, कपड्याला अडकवायचे बिल्ले.

६३ पैकी किती नग पिशवीत घालून दारातून गेले, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही आणि विक्रेत्यालाही नाही. दुकानातला माल चार वाटांनी कमी होतो. गिऱ्हाईक उचलतं. आपलाच माणूस बिल न करता देतो किंवा नेतो. पुरवठादाराच्या गठ्ठ्यात ५० लिहिलेले असतात, आत ४८ निघतात आणि सणाच्या घाईत कोणी मोजत नाही. चौथी वाट कागदावरची, एका कोडचा टॉप दुसऱ्याच कोडवर बिल होतो, बदलून दिलेल्या नगाची नोंद राहून जाते. गेट यातल्या फक्त पहिल्या वाटेवर उभं असतं. टॅग चारही वाटांवर कामाला येतो, कारण तो लावायला आणि काढायला प्रत्येक नग एकेकदा हातात घ्यावाच लागतो.

करायचं एवढंच. माल आला की गठ्ठा फोडायचा, चलनाशी मोजायचा आणि तिथेच टॅग लावायचा. टॅग नसलेला नग हँगरवर जाणार नाही, हा नियम घरच्यांनाही लागू. विक्रीच्या वेळी काउंटरवर टॅग काढला की तो एका क्रेटमध्ये टाकायचा. रात्री शटर ओढण्याआधी क्रेटमधले टॅग मोजायचे आणि दिवसभरात बिल झालेल्या नगांशी ताडून बघायचे.

वाशीला सेक्टर १७ मध्ये एका दुकानात मी पहिला आठवडा रोज रात्री थांबले होते. पावणेदहाला अर्धं शटर खाली, फरशीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर निळ्या क्रेटमधले टॅग ओतलेले. दोन मुली दहा-दहाचे ढीग करत होत्या आणि मालक बिलांची बेरीज काढत होते. पहिल्या रात्री टॅग १४६ आणि बिल झालेले नग १४२. दुसऱ्या रात्री टॅग तीनाने जास्त, तिसऱ्या रात्री परत चाराने. मालकांचा चेहरा उतरला. टॅग जास्त याचा सरळ अर्थ असा की टॅग निघाला, पण बिल झालं नाही. त्यांनी मनातल्या मनात एका मुलीवर ठपका ठेवलाही होता. मी म्हटलं, आज काही बोलू नका, उद्या मी गल्ल्याजवळ बसते. दुसऱ्या दिवशी दुपारीच उलगडा झाला. माप बदलून घ्यायला आलेल्या एका बाईंना नवा टॉप देताना त्याचा टॅग निघाला, पण बदलीची नोंद बिलात झाली नाही. आणि त्यांनी परत दिलेला टॉप टॅग न लावताच हँगरवर गेला. चोरी कोणी केली नव्हती, पण रोज तीन-चार बिनटॅगचे नग दुकानात फिरत होते आणि ते कोणत्याही गेटमधून बिनआवाज गेले असते. बदलीसाठी एक छोटी वही केली, परत आलेल्या नगाला आधी टॅग आणि मग हँगर असं ठरलं, पुढच्या आठवड्यात आकडे जुळले. त्या मुलीचं नाव त्या रात्री कोणाच्या तोंडून बाहेर पडलं नाही, याचं मला आजही समाधान वाटतं.

सगळीकडे गोष्ट इतकी साधी निघत नाही, हेही सांगते. आकडा रोज एकाच पाळीत चुकत असेल, तर गल्ल्यावर रोखलेला एक कॅमेरा लावा. बिल, टॅग काढणारे हात आणि पिशवी तिन्ही एका चौकटीत दिसले पाहिजेत. ओळखीच्या माणसाला चार नग देऊन तीनाचं बिल करणं हा प्रकार होतो, आणि तिथे टॅग काउंटरवरच रीतसर निघालेला असल्यामुळे गेट गप्प राहतं. तिथे उपयोग होतो तो रात्रीच्या क्रेटचाच.

मात्र टॅग कोणत्या जातीचे घ्यायचे हे आत्ताच ठरवावं लागेल. टॅग एका जातीचे आणि पुढे घेतलेलं गेट दुसऱ्या जातीचं असलं की दोन्ही वाया. कोपरखैरण्याच्या एका दुकानदाराने स्वस्त मिळाले म्हणून इंटरनेटवरून दोन हजार हार्ड टॅग मागवले. दिसायला अगदी त्याच्या जुन्या टॅगसारखे, तेच करडं प्लॅस्टिक, तीच पिन. त्याचं गेट ५८ किलोहर्ट्झचं आणि हे टॅग ८.२ मेगाहर्ट्झचे. आठवडाभर त्याची मुलं टॅग लावत बसली होती. मला बोलावणं आलं ते 'गेट बिघडलंय' म्हणून.

दोन्हींतला फरक समजून घ्या, म्हणजे विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारता येतील. ८.२ मेगाहर्ट्झचं कागदी स्टिकर उजेडासमोर धरलंत तर आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं चौकोनी वेटोळं दिसेल. वेटोळं आणि त्याला जोडलेला कपॅसिटर मिळून एका ठरावीक सुराला लावलेलं मंडल तयार होतं. गेट त्या सुराच्या थोडं खाली-वर सतत फिरत लहरी सोडतं, आणि टॅग मध्ये आला की त्याच्या सुरापाशी ऊर्जा शोषली जाते, ते गेटला कळतं. बिल झाल्यावर काउंटरच्या पॅडवर जोरदार क्षेत्र सोडून कपॅसिटरमधली मुद्दाम नाजूक ठेवलेली जागा फोडतात, की स्टिकर मेलं.

५८ किलोहर्ट्झचं लेबल वेगळ्या तत्त्वावर चालतं. माझ्या टेबलावर आत्ता एक कापून ठेवलंय. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत चकचकीत धातूच्या दोन-तीन पट्ट्या असतात, करंगळीएवढ्या लांब आणि फुंकरीने उडतील इतक्या पातळ. हा धातू वितळलेल्या अवस्थेतून सेकंदाला साधारण दहा लाख अंश इतक्या वेगाने थंड करतात, त्यामुळे त्यात नेहमीची स्फटिकरचना होतच नाही, तो काचेसारखा राहतो. चुंबकीय क्षेत्रात ही पट्टी किंचित लांब-आखूड होते. म्हणून ती डबीत चिकटवलेली नसते, मोकळी असते. शेजारी चुंबकाची एक जाड पट्टी असते, ती या पातळ पट्ट्यांना सुरात ठेवते. गेट क्षणभर ५८ किलोहर्ट्झचा ठोका देतं आणि थांबून ऐकतं. देवळातली घंटा वाजवून हात खाली घेतला तरी नाद मागे राहतो ना, तशी पट्टी ठोका थांबल्यावरही थरथरत राहते, आणि गेट तोच नाद पकडतं. काउंटरच्या पॅडवर त्या जाड पट्टीचं चुंबकत्व घालवलं की सूर सरकतो आणि गेटला काही ऐकू येत नाही.

हे कळलं की पुढचं आपोआप कळतं. लेबल दुमडलं, त्यावर इस्त्री दाबली किंवा जड गठ्ठा बसून डबी चेपली, तर पट्टी मोकळी थरथरू शकत नाही आणि लेबल निकामी होतं. काउंटरवरची नवी मुलगी पाच कपड्यांची घडी एकदम पॅडवर ठेवते तेव्हा खालची लेबलं मरतात, वरची दोन जिवंत राहतात आणि पैसे दिलेल्या बाईंवर दारात गेट वाजतं.

तुमच्यासाठी माझं मत ५८ किलोहर्ट्झ, आणि कपड्यांना लेबल नाही तर पुन्हा पुन्हा वापरता येणारे हार्ड टॅग. तुमचं शटर अकरा फुटांचं असलं तरी आत काचेचं दार बसवून वाट पाच-साडेपाच फुटांची करता येईल, आणि एवढी वाट ५८ चे दोन खांब हार्ड टॅगसाठी व्यवस्थित सांभाळतात. ८.२ ला एवढ्या रुंदीत मधली जागा कमजोर पडते, विशेषतः छोट्या स्टिकरला. शिवाय धातूचा कागद, पत्र्याचे डबे यांच्याजवळ ८.२ चं स्टिकर लवकर आंधळं होतं. अरुंद दाराचं दुकान असतं आणि माल पुस्तकं किंवा खोक्यातला किराणा असता, तर मी ८.२ सांगितलं असतं. त्याची स्टिकरं स्वस्त पडतात आणि तिथे ते चांगलं चालतं.

हार्ड टॅगची पिन तीन बारीक पोलादी गोळ्यांमध्ये अडकते, ओढाल तितकी घट्ट बसते. ती सुटते डिटॅचरच्या, म्हणजे टॅग काढायच्या उपकरणाच्या, जोरदार चुंबकाने. म्हणून डिटॅचर काउंटरला स्क्रूने बसवलेला हवा, सुटा असेल तर रात्री किल्लीच्या कपाटात गेला पाहिजे. मी कितीतरी दुकानांत तो गल्ल्यावर सुटा पडलेला, नाहीतर ट्रायल रूमशेजारच्या टेबलावर विसरलेला पाहिलाय.

टॅग कुठे लावायचा यावर जरा वेळ घालवा. कुर्तीला डाव्या बाजूच्या शिवणीत, घेरापासून चार बोटं वर. सगळ्या कुर्त्यांना तिथेच. टॉपला, फ्रॉकला, मुलांच्या पँटला अशी एकेक जागा ठरवून गल्ल्यामागे कागदावर लिहून लावा. पंधरा दिवसांत काउंटरवरच्या मुलीचा हात न बघता तिथे जातो. जागा बदलती राहिली की शनिवारी संध्याकाळी गर्दीत एखादा टॅग राहतोच. पिन नेहमी शिवणीतून घाला, कापडातून नको. रेशीम, शिफॉन, जाळीच्या कापडाला पिन लावूच नका, बाहीच्या किंवा पट्ट्याच्या घेरातून दोरीचा टॅग ओवा. पैठणीच्या काठात पिनचं भोक पाडलेलं मी पाहिलंय, तो माल तिथेच अर्ध्या किमतीचा झाला. आणि हार्ड टॅग लपवू नका, तो दिसलाच पाहिजे. हात चालवायला आलेल्या माणसाने तो बघितला की बरेचदा विषय तिथेच संपतो. या धंद्याची सुरुवात १९६० च्या दशकात अमेरिकेत झाली, न्यूयॉर्कच्या आर्थर मिनासी यांचं नाव त्यात घेतलं जातं. तेव्हापासून टॅग लहान झाले, गेटं हुशार झाली, पण वस्तू गल्ल्यावरून गेल्याशिवाय टॅग निघणार नाही, ही मूळ मांडणी तशीच आहे.

महिनाभर टॅग आणि क्रेट चालवल्यावरही मोजणीत फरक येत राहिला, रात्रीचे आकडे जुळत असूनही हँगरवरचे नग कमी होत राहिले, तर माल दारातून जातोय हे नक्की. मग गेट घ्या.

गेट घेताना विक्रेत्याकडून एकच गोष्ट आग्रहाने मागा, तुमच्याच दुकानात, तुमच्याच दारात चार दिवसांची चाचणी, आणि त्यात एक शनिवार असलाच पाहिजे. वाशीतल्या एका दुकानाचं गेट रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आपोआप वाजायला लागायचं. दिवसा शांत. कंपनीचे दोन इंजिनिअर दुपारी येऊन 'सगळं ठीक' असा शेरा लिहून गेले होते. मी संध्याकाळी गेले आणि एकेक एमसीबी खाली पाडत बसले. पंखे, एसी, ट्रायल रूमचे दिवे, काही फरक पडेना. शेवटी दुकानाबाहेरच्या पाटीचा स्विच पाडला आणि गेट गप्प झालं. पाटीतल्या एलईडीचा स्वस्त ड्रायव्हर होता आणि त्याची वायर गेटच्या वायरला खेटून एकाच पाइपातून आणलेली. ड्रायव्हर बदलला, वायर वेगळी केली, तासाभराचं काम. पण तोवर दोन महिने गेले होते आणि त्या दुकानातल्या मुलांनी गेट वाजलं की मान वर करणंच सोडलं होतं. दुरुस्तीनंतर मी खिशात टॅग घेऊन मुद्दाम बाहेर पडले. गेट वाजलं, दिवा लागला, आणि शर्टांची घडी घालणाऱ्या मुलाने डोकंही उचललं नाही.

मला या कामात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. खोट्या आवाजाने चोर पकडला जात नाही हे खरंच, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे खरा आवाज ऐकणारे कान मरतात, आणि ते परत जिवंत करायला फार मेहनत पडते. म्हणून गेट किती फुटांवरून टॅग ओळखतं हे विचारण्याआधी, रिकामं असताना दिवसात किती वेळा वाजतं हे विचारा.

५८ ची एक खास भानगड तुमच्या भागात होऊ शकते. हे गेट ठोका देतं आणि ऐकतं, आणि हा ताल ते विजेच्या ५० हर्ट्झच्या लाटेवरून धरतं. शेजारच्या दुकानातही ५८ चं गेट असेल आणि त्याची वीज वेगळ्या फेजवरून येत असेल, तर त्यांचा ठोका नेमका तुमच्या ऐकण्याच्या क्षणात पडतो आणि तुमचं गेट भलतंच ऐकतं. एका मॉलमध्ये भिंतीला भिंत लागून असलेली दोन दुकानं यावरून महिनाभर एकमेकांशी भांडत होती. दोन्ही गेटांचा ताल एकमेकांशी जुळवला आणि भांडण मिटलं. गोखले रोडवर दुकानं खेटून आहेत, म्हणून आधी डावी-उजवीकडे विचारून घ्या. आणि वीज गेल्यावर गेट साध्या इन्व्हर्टरवर टाकू नका. त्याची लाट वेडीवाकडी असते आणि गेटचा ताल चुकतो. शुद्ध साइन वेव्हचा छोटा यूपीएस द्या किंवा तेवढा वेळ गेट बंद ठेवून दारात माणूस उभा करा.

दारापाशी टांगलेला माल हाही ठाण्याच्या दुकानांचा नेहमीचा प्रश्न. खांबापासून तीन-चार फुटांत टॅग लावलेला कपडा असला की तो सतत वाजवत राहतो, नाहीतर गेट स्वतःची नजर मंद करून घेतं. छोट्या दुकानात ही जागा सोडायला जीव तुटतो, मला माहीत आहे. गेटची खरी किंमत काढताना ही गेलेली जागाही धरा. शटरच्या लोखंडी पट्ट्या, ग्रिलचं बंद वर्तुळ, स्टीलचं स्टँड या सगळ्यांचा त्रास होतो, बसवणाऱ्याने हे बघून जागा ठरवली पाहिजे. आणि पावसाळा. बऱ्याच गेटांचं सर्किट खांबाच्या पायात असतं. जुलैत रस्त्यावरचं पाणी उंबऱ्यावरून आत आलं की पहिलं तेच जातं. फरशीवर तीन-चार इंचांचा ग्रॅनाइटचा ओटा करून त्यावर खांब उभे करा, वायर पाइपातून न्या.

गेट बसल्यावर रोज सकाळी दिवा-अगरबत्ती झाली की एक टॅग हातात घेऊन दारातून तीनदा जा. घोट्याशी, कमरेशी, खांद्याशी, आणि प्रत्येक वेळी टॅग वेगळ्या दिशेने धरून. वहीत तारीख आणि बरोबर किंवा चूक. दोन मिनिटं लागतात.

आता गेट वाजल्यावर काय करायचं. वाजणाऱ्यांपैकी बरेच जण निर्दोष असतात. तुमच्याच काउंटरवर टॅग राहिलेला असतो, नाहीतर दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या वस्तूत जिवंत लेबल असतं. काही कंपन्या कारखान्यातच ५८ चं लेबल बुटात किंवा कपड्यात शिवून पाठवतात. ते तिथल्या काउंटरवर मेलं नसेल तर तुमच्या दारात वाजतं. माझ्यासमोर एका साठीच्या मावशींना गेटपाशी अडवून रखवालदाराने सगळ्यांसमोर पिशवी उलटी करायला लावली. पिशवीत भाजी, चष्म्याचं घर आणि नातवासाठी दुसऱ्याच दुकानातून बिलासकट आणलेले बूट होते. लेबल बुटाच्या तळव्याखाली होतं. मावशी काही बोलल्या नाहीत, गुडघ्यावर बसून गवार गोळा करत राहिल्या. त्या दुकानात त्या परत आल्या नसणार.

म्हणून दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला एक वाक्य पाठ करून द्या: 'ताई, आमच्याकडून टॅग काढायचा राहिला वाटतं, एक मिनिट काउंटरवर येता का?' चूक आपल्याकडे घ्यायची. हात पुढे करायचा नाही, पिशवीला हात लावायचा नाही, दार अडवायचं नाही. काउंटरवर गिऱ्हाइकाने स्वतः एकेक वस्तू गेटजवळ धरून बघायची. निर्दोष माणूस हसून येतो. आणि ज्याच्याकडे खरंच काही आहे तो बरेचदा 'अरे, हे बिलात राहिलं' म्हणत स्वतःच काढून देतो. माल परत मिळाला, विषय संपला.

कायद्याचं जेवढं रोज लागतं तेवढं सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण वस्तू पाच हजारांपेक्षा कमी किमतीची असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर कलम ३०६, तिथे सात वर्षांपर्यंत. कोणतं कलम लावायचं ते पोलीस ठरवतात, आपण नाही. आणि दुकानदाराला कोणाची अंगझडती घ्यायचा अधिकार नाही. आत कोंडून ठेवलं तर कलम १२७ प्रमाणे तो तुमचाच गुन्हा होतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खाजगी माणूस दुसऱ्याला पकडू शकतो, पण त्याच्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला किंवा तो माणूस न्यायालयाने घोषित केलेला फरारी असेल तरच, आणि पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांकडे द्यावं लागतं. गेटचा आवाज म्हणजे डोळ्यांसमोर घडलेला गुन्हा नव्हे. प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं तर ११२ लावा. कॅमेऱ्याचं चित्रण पुरावा म्हणून द्यायची वेळ आलीच तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून रेकॉर्डरवरचं मूळ चित्रण पुसू देऊ नका.

आणखी एक. दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ही बाई चोर आहे, सावध राहा' म्हणून फोटो फिरतात. तुम्ही कधी टाकू नका. बदनामीचं कलम ३५६ आहे, हा झाला कायदा. पण मी एकदा असा फोटो फिरताना पाहिला, तो चुकीच्या बाईचा होता, आणि तिची मुलगी त्याच रस्त्यावरच्या क्लासला जायची.

आरएफआयडीबद्दल थोडक्यात. तंत्रज्ञान उत्तम आहे, पण त्याचं मुख्य काम मोजणी. प्रत्येक नगाला स्वतःचा वेगळा क्रमांक मिळतो आणि हातातलं यंत्र फिरवत गेलं की रॅकच्या रॅक काही मिनिटांत मोजून होतो. चार-सहा शाखा असतील, ऑनलाइन विक्री असेल, तर जरूर घ्यावं. एका दुकानासाठी दाराचं गेट म्हणून मी आज ते सांगणार नाही. त्या लहरी माणसाच्या शरीराने अडतात, धातूवरून उसळतात, आणि साडेसहाशे फुटांत दाराजवळच्या रॅकवरचा माल बाहेर चाललाय असं गेटला वाटत राहतं. पुढे कधी घेतलंत तर यंत्र ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्याचंच आहे ना, हे कागदावर बघा. आपल्याकडे परवान्याशिवाय मोकळा आहे तो हा पट्टा, २००५ मध्ये तो ८६७ पर्यंत होता, २०२१ पासून ८६८ पर्यंत आहे. अमेरिकेत वापरतात ती ९०२ ते ९२८ ची यंत्रं स्वस्तात येतात, पण इथे त्या पट्ट्यात मोबाइलच्या लहरी आहेत, आणि ती वापरणं बेकायदा आहे.

कॉस्मेटिक्सला टॅग लावत बसू नका. लिपस्टिक, काजळ इतक्या छोट्या वस्तूवर लेबल नीट बसत नाही आणि दाम झाकलं जातं. ते काउंटर गल्ल्याला लागून आणा, काचेच्या आत ठेवा, नमुने तेवढे बाहेर.

शेवटी सासऱ्यांचं. गेटमधून नेहमीच्या चालीने जाण्याला अडचण नसते. पेसमेकर असलेल्याने खांबांच्या मध्ये थांबायचं नाही आणि खांबाला टेकायचं नाही, एवढं पाळायचं. पण ते दिवसभर बसतात, म्हणून प्रश्न वेगळा आहे. त्यांची खुर्ची खांबाशेजारी येता कामा नये. आणि गेटपेक्षा मला डिटॅचरची जास्त काळजी वाटते, कारण तो सतत चालू असलेला तगडा चुंबक आहे, आणि छातीजवळ आला तर पेसमेकरची चाल तेवढ्यापुरती बदलवू शकतो. डिटॅचर काउंटरच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्यापासून हातभर तरी लांब स्क्रूने बसवा. टॅग काढायचं काम त्यांच्याकडे देऊ नका, आणि लेबल मारायचा पॅड कधी घेतलात तर तोही तिकडेच. पेसमेकर बसवताना दिलेलं कार्ड असेल, ते घेऊन त्यांच्या डॉक्टरांना गेटचा प्रकार सांगा, ५८ किलोहर्ट्झ असं स्पष्ट लिहून न्या. मोजणीचं काम त्यांना द्या. रात्रीचा क्रेट त्यांच्यापुढे ठेवा. टॅगमधली पट्टी आणि चुंबक अगदी क्षीण असतात, टॅग मोजताना काही होत नाही, फक्त मूठभर टॅग शर्टाच्या खिशात ठेवू नका म्हणावं.